धायटीच्या उतारावर तिसरी हाक

फाल्गुनात नागपूर-चंद्रपूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलतो. लोक गाड्या थांबवतात, मोबाइल काढतात, एखादी फांदी खाली ओढून तिच्याशेजारी उभे राहतात. माजरीहून वरोऱ्याला घरी येताना मी हे दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी नजर खाली घालतो. पळसाशी माझं वैर नाही. पण इकडे पळस फुलला म्हणजे तिकडे, गडचिरोलीच्या पलीकडच्या एका टेकडीच्या उतारावर, धायटी फुललेली असणार. आणि धायटी फुलली म्हणजे माझी मुलगी त्या उतारावर असणार.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी वाघ पाहिलेला नाही. आमच्या जिल्ह्यात लोक लांबून येतात, उघड्या जीपमध्ये बसतात, वाघ पाहून जातात. मी इतकी वर्षं इथं राहून एकदाही पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. तेव्हा ही वाघाची गोष्ट आहे असं समजून कुणी वाचायला बसलं असेल तर त्याची निराशा होईल. मला भीतीबद्दल सांगायचं आहे, आणि एका झुडपाबद्दल. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या अडकल्या आहेत की एक ओढली की दुसरी सोबत येते.

माझं काम माजरीच्या कोळसा खाणीत, वजनकाट्यावरचं. कोळशाचा ट्रक रिकामा येतो, त्याचं वजन घ्यायचं. भरून आला की पुन्हा घ्यायचं. वजाबाकी केली की कोळसा किती ते समजतं. आयुष्यभर हेच केल्यामुळे असेल, मला अंदाजानं बोललेलं खपत नाही. शोभा, माझी बायको, म्हणते, "तुम्हाले पाऊस किती पडला विचारलं तं तुम्ही अंगणातली बादली पाहून येता." खरं आहे ते. पण त्या दिवसाच्या भीतीचं वजन मला आजपर्यंत करता आलेलं नाही. तो ट्रक पुन्हा कधी रिकामा झालाच नाही, मग वजाबाकी करणार कशातून?

धायटी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे झाड नव्हे, झुडूप. माणसाच्या डोक्याइतकं, कधी त्याहून उंच. एका बुडातून खूप फांद्या निघतात, वर जातात आणि मग स्वतःच्याच भारानं वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. त्यामुळे आत एक पोकळी तयार होते, तंबूसारखी. तिच्यात माणूस बसू शकतो. माणूस बसू शकतो म्हणजे दुसरंही कुणी बसू शकतं. फांदीची साल तांबूस आणि इतकी पातळ की हात लावला तर कागदासारखी सुटून येते. फुलं लहान, विटेच्या रंगाची, नळीसारखी, फांदीला दाटीनं चिकटलेली. लांबून उतार पाहिला तर वाटतं, कुणी विझत आलेले निखारे पसरून ठेवलेत. ही फुलं तोडून वाळवतात. औषधवाले घेतात, रंगवाले घेतात. वाळलेल्या फुलांचं भलंमोठं गाठोडं मी एकदा सवयीनं हातात उचलून पाहिलं. वजन जवळजवळ नाहीच. एवढ्या हलक्या वस्तूसाठी माणसं एवढ्या जड जागी जातात.

कारण धायटीची जागा जडच आहे. मुरूम, सुटे दगड, नाल्याच्या कडा, जिथं माती टिकत नाही आणि जिथं दरवर्षी वणवा लागून जातो. साग तिथं खुरटतो, मोह तिथं चढतच नाही. प्राची, माझी मुलगी, सांगते की हिमालयात खूप उंचावर गेलं की एका रेषेनंतर झाडं संपतात आणि तिथून वर फक्त झुडपांचं राज्य असतं, जमिनीला धरून, वाऱ्याला पाठ देऊन. "आपल्या इथी बर्फ नाई बाबा, पण मुरूम हाय," असं ती म्हणाली. "आपली रेषा लहानशी हाय. त्या टेकडीवर, नाल्याच्या जराशी वर." मला हे ऐकायला आवडलं. आणि लगेच आठवलं, की त्याच रेषेवर मी उभा होतो.

शोभाचं माहेर धानोऱ्याच्या वाटेवरचं. माझं गाव वरोऱ्याकडचं, कपाशी आणि सोयाबीनचं. आमच्याकडे डोळ्यांना अडवणारं काही नाही. बांधावर उभं राहिलं की पुढचं गाव दिसतं. तिकडे घराच्या मागून रान सुरू होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला मुक्कामाला राहिलो तेव्हा सकाळी लोटा घेऊन निघालेला मी कुंपणापाशीच थांबलो होतो. शोभाच्या मोठ्या, त्याच गावात दिलेल्या बहिणीनं, ताराबाईंनी, ते पाहिलं आणि हसून गावभर सांगितलं, "आमच्या जवाईले झाडाचं भेव वाटते." भेव म्हणजे भीती. तो शब्द मला भीतीपेक्षा खरा वाटतो. भीती डोक्यात असते, भेव अंगात भरतं.

त्या वर्षी प्राचीची बारावीची परीक्षा संपली आणि ती मावशीकडे गेली. मोहाचे आणि धायटीचे दिवस होते. मग शोभाच्या कानावर आलं की त्या भागात वाघीण पिल्लांना घेऊन फिरते आहे आणि वनखात्याच्या माणसांनी गावात येऊन रानात एकटं जाऊ नका असं सांगितलं आहे. मावशीच्या घरी फोन लागेना. शोभा भाकरी थापता थापता मध्येच थांबायला लागली. मी रजा टाकली आणि पोरीला आणायला निघालो.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत होती, तो गोड, जड वास सगळीकडे भरला होता. ताराबाईंचे यजमान, म्हणजे माझे साडू देवरावभाऊ, सावलीत बसून टोपलीचा काठ बांधत होते.

"या, साडभाऊ. बसा. पाणी घ्या."

"प्राची कुठं आहे?"

"टेकडीवर गेल्या मावशी-भाची दोघी. धायटी तोडाले."

"दोघीच?"

"दोघीच काऊन? मधमाशा हाय, माकडं हाय. भरपूर मंडळी हाय तिथी." ते स्वतःच हसले. मी हसलो नाही.

"आणि वाघ?"

त्यांचा हात काठावर थांबला. "नाव नोका घेऊ," ते म्हणाले. "तो आपल्या कामात, आपण आपल्या कामात. जेवून घ्या, मंग जाऊ."

"आत्ता जाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपली बाजूला ठेवली आणि कुऱ्हाड खांद्यावर घेतली. ती कुऱ्हाड घेतल्यानं मला धीर यायला हवा होता. उलट झालं.

टेकडीच्या पायथ्याशी येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली गावातल्या गोंड शेजाऱ्यांचा देव आहे. बाहेरच्या माणसाला तिथं चार दगडच दिसतील. देवरावभाऊ थांबले, वाकले. मीही चपला काढून वाकलो. वाकताना मनात काय म्हणालो ते आठवतं, पण इथं लिहीत नाही. पुढे नाला लागला. पाणी डबक्यापुरतं, बाकी वाळू. नाल्याच्या पलीकडून उतार सुरू होत होता, आणि पूर्ण उतार धायटीनं पेटलेला होता.

"तुम्ही इथीच थांबा," देवरावभाऊ म्हणाले. "मी वरून फिरून पाहतो. कोणत्या अंगाले हाय त्या, सांगता येत नाई."

"इथूनच आवाज द्या ना."

"वर गेल्यावर देतो. खालून देल्ला तं आवाज नाल्यात फिरते."

ते गेले. वाळलेल्या पानांवर त्यांची पावलं वाजली, मग वाजेनाशी झाली. मी नाला ओलांडून उताराच्या सुरुवातीला उभा राहिलो. मधमाश्यांचा आवाज सोडला तर काही नव्हतं. एक लहानसा काळा पक्षी फुलांत चोच घालून उलटा लटकत होता. मग वर कुठंतरी वानर खाकरलं, म्हाताऱ्याच्या घशात काही अडकावं तसं. पुन्हा खाकरलं. वानर असं कधी खाकरतं ते आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, वाघ किंवा बिबट्या दिसला की.

मी हाक दिली. "प्राचीऽऽ!"

माझा आवाज वर गेला, कुठंतरी आपटला आणि बारीक होऊन परत आला. उत्तर नाही. थोडं थांबलो. पक्षी उडून गेला होता. चार पावलं वर चढलो आणि दुसरी हाक दिली, जास्त जोरात. त्या हाकेसरशी माझ्या समोरचं एक झुडूप हललं. वारा नव्हता. फांद्या आतून हलल्या, लाल फुलांचा एक लहानसा सडा खाली पडला, आणि मग सगळं स्थिर झालं. माझ्या हाकेनं जे हललं होतं ते माझ्याच हाकेनं थांबलं होतं.

तिसरी हाक माझ्या तोंडातून निघाली नाही.

बापाच्या आवाजाला पोरगी उत्तर देत नाही, याचा त्या क्षणी मला एकच अर्थ सुचला. तो अर्थ मी शब्दात लिहू शकत नाही. मग वाटलं, मी आणखी ओरडलो तर जे त्या झुडपात आहे ते उठेल. उठून माझ्याकडे येईल, किंवा तिच्याकडे जाईल. दोन्हींतलं काय बरं, याचा हिशोब मी खरोखर करायला लागलो होतो. आयुष्यात मी केलेला सगळ्यात घाणेरडा हिशोब तो. मी खाली बसलो. हाताला धायटीची एक फांदी लागली ती घट्ट धरली. तिची साल माझ्या तळहाताला चिकटून सोलून आली. पान उलटं झालं. पानाच्या पाठीवर बारीक काळे ठिपके होते, कुणी पेनाच्या टोकानं काढावेत तसे. भेव अंगात भरलं की डोळे असल्याच गोष्टी पाहत बसतात. टेकडी दिसत नाही, ठिपके दिसतात. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं नाही. माझ्या बाबतीत हीच मोठी गोष्ट.

मग वरून, टेकडीच्या माथ्याकडून, देवरावभाऊंची हाक आली. "प्राची वोऽऽ!" शांतता. "प्राची वोऽऽ!" पुन्हा शांतता. आणि तिसरी, लांबवलेली, "प्राची वोऽऽऽ!"

"होऽऽ! इथीच हावोऽऽ!"

ताराबाईंचा आवाज इतका जवळून आला की मी मागे पडलो. ज्या झुडपाला मी इतका वेळ घाबरत होतो, त्याच झुडपातून. चप्पल फेकली असती तर लागली असती इतक्या अंतरावरून. फांद्या बाजूला झाल्या. आधी ताराबाई बाहेर आल्या, कमरेला फुलांचा ओटा, म्हणजे पदराची झोळी, बांधलेला. मग प्राची. केसांत फुलं, चेहरा पांढरा, आणि गालावर मावशीच्या बोटांचे वळ. मावशीनं तिचं तोंड दाबून धरलं होतं.

पोरगी माझ्याकडे धावत आली नाही. ती तिथंच उभी राहिली आणि मावशीला म्हणाली, "मावशी, हे बाबाच हाय ना?"

"पाय पाहा त्यायचे," ताराबाई म्हणाल्या.

प्राचीनं खरंच माझे पाय पाहिले. मीही पाहिले. मग ताराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "सरळ हाय. जवाईबापू, तिसरी काऊन नाई देल्ली?"

"कोणती तिसरी?"

"हाक वो! तिसरी हाक! दोन देल्ल्या अन् चूप! आमचा जीव घेता का?"

मग मला ते समजलं, जे त्या गावात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली की द्यायची. का, ते देवरावभाऊ वरून येऊन मिळाल्यावर ताराबाईंनी उतारावरून खाली येता येता सांगितलं. "रानात आवाज फिरते. कोणाचा आवाज कोणी घेते. पण ते एकदा बोलावते, लई झालं तं दोनदा. तिसऱ्यांदा बोलवाची त्याले गरजच नाई. ज्याले आपली गरज हाय, तोच तिसऱ्यांदा बोलावते. म्हणून तिसरी आली म्हणजे माणूस."

"आणि माणसानं तिसरी दिलीच नाही तर?" मी विचारलं.

ताराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असा माणूस आम्हाले आजलोक भेटला नव्हता," त्या म्हणाल्या. देवरावभाऊ इतके हसले की त्यांना कुऱ्हाड खाली ठेवावी लागली.

नाल्याच्या वाळूत पंजाचे ठसे होते. माझ्या चपलांच्या ठशांपासून लांब नव्हते. ते त्या दिवसाचे होते की आदल्या दिवसाचे, मला सांगता येत नाही. येताना मी वाळूकडे पाहिलंच नव्हतं. देवरावभाऊंनी वाकून पाहिलं आणि ते आमच्या तिघांच्या मागे चालू लागले. तोवर ते पुढे होते.

घरी आल्यावर जेवणं झाली. गावातून कुणी ना कुणी येत राहिलं आणि ताराबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत राहिल्या. माझी दुसरी हाक त्या फार छान काढायच्या, आवाज शेवटी फाटायचा तसा फाडून. तेव्हापासून त्या गावात माझं नाव दोन हाकेचे जवाई. आजही बसमधून उतरलो की पानठेल्यावरून कुणीतरी ओरडतं, "आले का दोन हाकेचे!" मी हात वर करतो. चिडत नाही. एकदा मीही उलट म्हणालो, "तिसरी तुमच्यासाठी ठेवली आहे." त्यावर जे हसू उठलं त्यात मी सामील होतो. पण हसून झाल्यावर उरतं ते उरतंच.

जे उरतं ते मला प्राचीनं पुढे एकदा सांगितलं तेव्हा नीट समजलं. ती तेव्हा कॉलेजात होती. वरोऱ्याच्या घरी, शोभा तुरीच्या शेंगा सोलत होती, आम्ही दोघं मदतीला बसलो होतो. मी सहज विचारलं, "त्या दिवशी तू आत काय करत होतीस?"

"तुम्हाले ऐकत होती," ती म्हणाली. "पहिली हाक आली तेव्हा मी उठलीच होती. मावशीनं खाली ओढलं. दुसरी आली तेव्हा वाटलं, आता एक. मग तुम्ही चूपच झाले ना बाबा... तुमचा आवाज मले जन्मापासून माहीत हाय. पण तिसरी नाई आली अन् मले त्या आवाजाचंच भेव वाटाले लागलं. वाटलं, हे जे कोणी खाली बसून हाय, त्यानं बाबांचा आवाज घेतला हाय."

शोभाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी त्यावर खूप विचार केला आहे. माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये फक्त एक झुडूप होतं. मी त्या झुडपाकडे वाघ म्हणून पाहत होतो, आणि ती झुडपातून माझ्याकडे भूत म्हणून. माझ्या गप्प बसण्यानं ती घाबरली, तिच्या गप्प बसण्यानं मी. जो आवाज दोघांना सोडवू शकत होता तो माझ्याच घशात होता. आणि खरी धायटी, ती बिचारी मधोमध फुलं सांडत उभी होती. तिच्याकडे आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं.

प्राचीचं लक्ष नंतर गेलं. "मी त्या झुडपात इतका वेळ बसली होती अन् मले ते दिसलंच नाई," असं म्हणून तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं. बाकीच्या पोरी ज्या कारणानं एखाद्या जागेला पुन्हा जात नाहीत, त्याच कारणानं ही पुन्हा गेली. आता तिचा अभ्यासाचा विषयच तो उतार आहे. फाल्गुन लागला की ती मावशीकडे मुक्कामाला जाते, ठरावीक झुडपांना रंगीत दोरे बांधते, आणि ज्यांची फुलं तोडली जातात त्यांना बी किती धरतं, न तोडलेल्यांना किती, ते पाहते. सगळीच फुलं ओट्यात गेली तर नवी धायटी कुठून येणार, हा तिचा प्रश्न. मी ताराबाईंना विचारलं, "तुम्ही शेंड्याची फुलं बियांसाठी सोडता ना?" त्या म्हणाल्या, "हात पोचत नाई म्हणून सोडतो." प्राची म्हणते, कारण काही असो, सुटतात हे महत्त्वाचं. तिला या कामाचा आनंद आहे. तो तिच्या आवाजात ऐकू येतो. ती एकटी जात नाही, मावशी किंवा काका सोबत असतात. हे सगळं मला मान्य आहे. मान्य असल्यानं भेव कमी होतं असं कुणी सांगितलं?

आणि आता ते एका टेकडीचं राहिलेलं नाही. आमच्याकडे कपाशीत निंदायला गेलेल्या बाया सुद्धा एकमेकींना आवाज देत काम करतात. ऊर्जानगरात माझा एक मित्र क्वार्टरमध्ये राहतो, वीज केंद्राच्या धुरांड्यांच्या सावलीत म्हणा ना. त्यानं संध्याकाळचं फिरणं सोडलं. रस्त्याकडेच्या झुडपात काही हललं की त्याची मोटरसायकल आपोआप वेग घेते, असं तो सांगतो. तो हे हसत सांगतो. मी पाहिलंय, हल्ली आमच्या भागात सगळे हे हसतच सांगतात. झुडूप आमच्या नजरेत झुडूप राहिलेलंच नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटत असतानाच मी रस्त्याच्या मधून चालतो.

एकदा मी प्राचीला म्हणालो होतो, दुसरा विषय घे. शेतातलं काही घे. सोयाबीनवर कर.

"सोयाबीन कोणीही करते, बाबा."

"कोणीही करतं म्हणूनच म्हणतो."

ती रागावली नाही. तिनं एक तोडगा काढला. टेकडीच्या माथ्यावर एक मोठा खडक आहे, तिथं मोबाइलला रेंज मिळते. खाली उतारावर मिळाली तर मिळाली, गावात तर नाहीच. काम संपवून खाली उतरण्याआधी ती त्या खडकावर येते आणि मला तीन मिस कॉल देते. "पहिला म्हणजे फोन लागला," तिनं समजावलं. "दुसरा म्हणजे मी. तिसरा म्हणजे खरंच मी." शोभा हसली. मी हसलो नाही, पण तेव्हापासून धायटीच्या दिवसांत मी दुपारची पाळी घेत नाही. तिसरा मिस कॉल आला की आम्ही चहा ठेवतो.

परवा दोनच आले.

ऊन उतरत होतं. शोभा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी वांगी चिरत होती. फोन टेबलावर होता. पहिला आला, थांबला. दुसरा आला, थांबला. मी फोनकडे पाहत राहिलो. बाहेर आइसफ्रीमवाल्याची घंटा गेली. समोरच्या घरातला कूलर खडखडला. तिसरा येईना.

"रेंज गेली असन," शोभा म्हणाली, माझ्याकडे न पाहता.

"असेल."

"तिची मावशी हाय सोबत."

"आहे."

तिनं वांगी पाण्यात टाकली आणि सुरी हातात तशीच धरून उभी राहिली. मी फोन उचलला आणि लावला. ज्याच्याशी बोलायचं तो संपर्क क्षेत्राबाहेर आहे, असं एका बाईनं गोड आवाजात सांगितलं. थोडं थांबून पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तोच गोड आवाज.

आणि माझं बोट थांबलं.

मी त्याच जागी आलो होतो. तळहातात सोललेली साल, डोळ्यांसमोर ठिपके. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी मी गप्प बसलो ते वाघाच्या भीतीनं. परवा टेबलापाशी बसून समजलं की ते तसं नव्हतं. तिसरी हाक दिली नाही तोवर तिचं उत्तर यायचं बाकी राहतं. दोन हाकांनंतर अजून काहीतरी शिल्लक असतं. तिसरीलाही उत्तर आलं नाही, तर मग हातात काहीच उरत नाही. मी ती शेवटची हाक जपून ठेवली होती, दुसरं काही नाही. आणि मी ती जपत असताना माझी पोरगी तोंड दाबून माझ्या आवाजाला घाबरत होती.

"द्या ना तिसरी," शोभा म्हणाली.

मी लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग रिंग वाजायला लागली. वाजत राहिली, वाजत राहिली. शोभानं सुरी खाली ठेवली.

"हां बाबा!" प्राची धापा टाकत होती. "अवो, मधमाशी चावली अंगठ्याले. फोन हातातून उडला, खाली धायटीत पडला. मी अन् मावशी शोधून राह्यलो होतो कधीच्या. तुमची रिंग वाजली तेव्हा सापडला."

मागून ताराबाईंचा आवाज आला, "कोण हाय? दोन हाकेचे काय?"

"नाई मावशी," प्राची म्हणाली, "आज तिसरी देल्ली त्यायनं."

तिकडे दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी विचारलं, अंगठा सुजला का. ती म्हणाली, थोडा. मी म्हणालो, उतरा आता, ऊन गेलं. ती म्हणाली, उतरतो, आधी तुमचे तीन देते, पहिल्यापासून, नाही तर तुम्हाले चैन नाई पडणार. उद्या सकाळी पुन्हा टेकडीवर यायचं आहे म्हणाली, वरच्या अंगाची फुलं झडायला लागलीत, त्याआधी मोजायची आहेत.

फोन बंद झाला. मी तो टेबलावर ठेवला. पहिला आला. दुसरा आला. शोभानं चहाचं भांडं हातात घेतलं, आणि तिसरा येईपर्यंत ते गॅसवर ठेवलं नाही.